दिवाळे : लाज आणि कायदा

दिवाळी अंकात दिवाळ्याचा विषय काढणे काही वाचकांना अभद्र वाटेल. पण हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात, त्याला आमचा इलाज नाही. आमच्या सीमाभागात तर त्यात आणखी एक गंमत आहे. कन्नडमध्ये सणाला दीपावळी म्हणतात आणि कर्जात बुडालेला माणूस 'दिवाळी' झाला असे म्हणतात. तेव्हा 'काय, झाली का दिवाळी?' हा प्रश्न मराठी माणसाने आपल्या कन्नड शेजाऱ्याला, विशेषतः तो व्यापारी असेल तर, जरा जपूनच विचारावा.

जुन्या काळी पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दुकानाच्या दारात दिवा लावून बसे, त्यावरून दिवाळे हा शब्द आला असे सांगतात. भाषाशास्त्राच्या कसोटीला ही व्युत्पत्ती कितपत उतरेल हे पंडितांनी ठरवावे. मला त्या प्रथेचा अर्थ महत्त्वाचा वाटतो. दिवा लावणारा माणूस पळून जात नव्हता. माझ्याजवळ होते ते हे असे आहे, उजेडात पाहून घ्या आणि आपसांत वाटून घ्या, असे तो चार लोकांसमोर सांगत होता. त्यात नुकसान होते, दुःख होते, पण लबाडी नव्हती. पुढे आपण त्याच शब्दाला 'खोर' जोडला. भांडखोर, लाचखोर, चुगलखोर यांच्या पंगतीत दिवाळखोर जाऊन बसला. एका माणसावर आलेला प्रसंग भाषेने त्याच्या स्वभावाचा दोष करून टाकला.

कायद्याच्या मराठीत याच माणसाला 'नादार' म्हणतात. ज्याच्याजवळ नाही तो नादार, इतका साधा अर्थ. जुन्या पिढीतील वाचकांना हा शब्द शाळेतून आठवत असेल. गरीब विद्यार्थ्याला फी माफ होई, त्याला नादारी मिळाली असे म्हणत. पुढे मोठ्या हुद्द्यावर गेलेली कितीतरी माणसे आपण नादारीवर शिकलो हे अभिमानाने सांगतात. तोच शब्द कोर्टाच्या कागदावर आला की घरात सुतक पडते. हा फरक कोठून आला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी एक अहवाल लिहिला. त्यात कर्जवसुलीच्या देशी रीतींचे वर्णन आहे. त्यांतील मुख्य रीत तगादा. आज तगादा म्हणजे चार वेळा निरोप पाठवणे, फार तर दारात येऊन आवाज चढवणे. त्या काळचा तगादा निराळा होता. ऋणकोच्या दारावर माणूस बसवायचा, त्याला जेवू द्यायचे नाही, कोंडून ठेवायचे, उन्हात उभे करायचे, डोक्यावर दगड द्यायचा, अशा त्याच्या पायऱ्या होत्या. त्याच्या जोडीला धरणे. धनको किंवा त्याने नेमलेला ब्राह्मण दारात उपाशी बसे. तो उपाशी आहे तोवर घरच्यांनीही जेवायचे नाही असा संकेत. त्याचा प्राण गेला तर ब्रह्महत्येचे पाप घराला लागणार! आज आपण कचेरीसमोर मागण्यांसाठी जे धरणे धरतो त्याचे मूळ या वसुलीत आहे. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा लिहिताना उदाहरण म्हणून दारात धरणे धरून बसणाऱ्या माणसाचेच दिले, इतकी ही रीत त्यांच्या डोळ्यांत भरली होती.

या तडाख्यातून थोरही सुटत नव्हते. थोरल्या बाजीरावाची धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळ झिजले अशा आशयाचा मजकूर त्यांत आहे. दिल्लीपर्यंत धडक मारणाऱ्या सेनापतीची ही अवस्था, तर कुणब्याची काय असेल!

मात्र त्या व्यवस्थेत ऋणकोच्या बाजूनेही दोन-तीन गोष्टी होत्या, आणि त्या विसरून चालणार नाही. एक म्हणजे दामदुप्पट. धर्मशास्त्राचा हा नियम असा की, एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर व्याज धरून दोनशेच्या वर मागता येणार नाही. १८५५ साली सरकारने व्याजावरची कायदेशीर मर्यादा उठवली, तरी मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत दामदुपटीचा नियम पाळला. आमचा बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत त्याच इलाख्यात आणि मग मुंबई राज्यात होता. दुसरी गोष्ट अशी की, सावकाराला त्याच गावात राहायचे होते. गाव उठून गेले तर त्याचे मुद्दलही बुडाले. पिळून काढण्याला ती एक मर्यादा होती.

इंग्रजी अमलात ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी कोर्ट आले. आता इंग्रजांच्या घरचा तरी न्याय काय होता? लंडनमध्ये कर्ज न फेडणाऱ्याला तुरुंगात टाकत. इंग्रजी शिकवताना मी वर्गात नेहमी सांगतो की चार्ल्स डिकन्सचे वडील १८२४ साली मार्शलसी नावाच्या अशाच तुरुंगात होते. कर्ज चाळीस पौंडांच्या आसपास आणि धनको एक पाववाला. बारा वर्षांच्या चार्ल्सला शाळा सोडून बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात जावे लागले. त्याच्या कादंबऱ्यांतून तो तुरुंग पुन्हा पुन्हा येतो. तुरुंगात बसलेला माणूस कमावणार कधी आणि फेडणार कधी, हा साधा हिशोब त्या व्यवहारचतुर देशालाही बराच काळ सुचला नाही. १८६९ मध्ये तेथे कर्जासाठीची कैद बहुतांशी बंद झाली.

हीच पद्धत इकडे आली. १८२८ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत नादार ऋणकोंसाठी खास न्यायालये निघाली, १८४८ मध्ये त्यात सुधारणा झाली. पण हा दिलासा या तीन शहरांपुरता. १८६५ साली अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला मुंबईच्या शेअरबाजारात मोठमोठ्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. तेव्हा व्यापाऱ्यांच्या निकालासाठी त्याच वर्षी खास कायदा करण्यात आला. त्याच मंदीत पुणे-नगरकडचा शेतकरीही बुडाला. त्याच्यासाठी मात्र कोणी लगबग केली नाही.

शेतकऱ्याची गोष्ट अशी. तेजीत त्याला कर्ज सहज मिळाले. मग भाव पडले, शेतसारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. हा कायदा ऋणकोच्या सोयीचा म्हणून केला होता. सावकाराने त्याचा उपयोग उलटा केला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नवे खत लिहून घ्यायचे. खताखाली अंगठा उठवणाऱ्याला आत काय लिहिले आहे ते कळत नव्हते. पुढे कोर्टात खत हाच पुरावा. समन्स पोहोचले न पोहोचले, एकतर्फी हुकूमनामा होई आणि दरखास्त येई. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांनी माणसे फारशी मारली नाहीत. त्यांना हवे होते कागद. खते, रोखे, हुकूमनामे शोधून शोधून त्यांनी जाळले. निरक्षर माणसाने कागदाविरुद्ध केलेले एवढे मोठे बंड आपल्याकडे दुसरे झाले असेल असे मला वाटत नाही.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. माझ्या मते आपल्या ऋणकोच्या इतिहासातील हा खरा टप्पा. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे त्याचे चार जिल्हे, पुढे त्यातील काही कलमे इतरत्रही लागू झाली. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी झाली. स्पष्ट गहाण लिहून दिले नसेल तर त्याची जमीन विकता येईना. खताच्या मागे जाऊन, मूळ रक्कम किती दिली होती इथपासून हिशोब तपासण्याचे काम कोर्टाकडे आले. आणि ज्याचे कर्ज पन्नास रुपये वा अधिक आहे अशा शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्याचा अर्ज करता येऊ लागला. शहरातील पेढीवाल्याला जो मार्ग पन्नास वर्षे खुला होता तो गावाकडच्या माणसाला इतक्या उशिरा, आणि तोही आग लावल्यावर मिळाला.

इतर मुलखांत मात्र दिवाणी संहितेनुसार अटक झाल्यावर किंवा जप्ती आल्यावरच नादारीचा अर्ज करता येई. म्हणजे तुरुंगाच्या दारात पोहोचल्याशिवाय सुटकेची वाट नाही! १९०७ मध्ये प्रांतांसाठी स्वतंत्र नादारी कायदा झाला. १९०९ मध्ये तीन इलाखा शहरांसाठी वेगळा झाला. १९०७ च्या जागी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आला. शंभरी ओलांडलेला हा कायदा अजून जिवंत आहे, म्हणून त्याच्याजवळ थोडे थांबू.

अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. मूळ कायद्यात कर्जाची किमान रक्कम पाचशे रुपये. १९२० साली ती मोठी होती. अर्जासोबत आपली सगळी देणी, सगळी मालमत्ता आणि हिशोबाच्या वह्या उघड करायच्या. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि मग धनकोंनी वेगवेगळे दावे लावून ऋणकोला दहा दिशांना ओढायचे थांबते. जे असेल ते सर्वांना प्रमाणात वाटले जाते. अटकेपासून संरक्षणाचा हुकूम मागता येतो. भरदिवसा दिवा लावण्याचीच ही कोर्टातील रीत म्हणायला हरकत नाही.

मग 'अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडावे लागेल का' हा प्रश्न येतो. नाही. दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमात जे जप्त होत नाही ते नादारीतही जात नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल, तो राहतो ते घर, धर्मरीतीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना हे सारे त्यात आहे. मंगळसूत्र कायद्याने वाचते, आणि तरी आपल्याकडे सर्वांत आधी तेच विकले जाते. गहाण टाकलेली वस्तू मात्र वेगळी. ज्याच्याकडे गहाण आहे त्याचा हक्क नादारीने बुडत नाही. पगारदारांसाठीही मर्यादा आहे. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना साध्या हुकूमनाम्याखाली हात लावता येत नाही, आणि त्याच हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिने कपात झाली की ती थांबते. मुख्याध्यापक म्हणून असे कपातीचे आदेश माझ्या टेबलावर येतात. ज्याचा पगार कापायचा तो शिक्षक बहुतेक वेळा स्वतः कर्ज काढणारा नसतो. त्याने कोणा मित्राला, मेहुण्याला जामीन म्हणून सही दिलेली असते. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. 'नुसती सही तर हवी' या चार शब्दांनी आमच्या व्यवसायातील किती संसार हलले असतील!

तुरुंगाचा प्रश्न सर्वांत जास्त भेडसावतो. दिवाणी तुरुंग कायद्यात आजही आहे. पण स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येत नाही. दोन हजारांपर्यंतच्या रकमेसाठी कोणालाच डांबता येत नाही, आणि पाच हजारांच्या वर असली तरी जास्तीत जास्त तीन महिने. त्या काळातील जेवणाचा भत्ता धनकोने भरायचा असतो. भरला नाही तर ऋणको सुटतो. ज्याने बुडवले त्यालाच पोसायचे, ही कल्पना धनकोला किती रुचत असेल ते सांगायला नको. १९३६ च्या दुरुस्तीने ऐपत असून टाळणाऱ्यालाच ही कैद असे ठरले, आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालात स्पष्ट केले की केवळ गरिबीमुळे फेडता येत नाही म्हणून कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही. तेव्हा दारात येऊन 'उद्या आत टाकतो' म्हणणाऱ्याला कोर्टाचा कागद दाखव म्हणावे. न वटलेल्या चेकचा खटला मात्र फौजदारी आहे, त्याची गल्लत यात करू नये.

आणखी एक प्रश्न, तो मुलांचा. बापाचे कर्ज मुलाने फेडावे हा आपला संस्कार. धर्मशास्त्राने त्यालाही मर्यादा घातल्या होत्या. जुगार, दारू अशा अव्यावहारिक कर्जाचे बंधन मुलावर नव्हते, नातवावर व्याजाचे नव्हते. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने वारसाची जबाबदारी वडिलार्जित मालमत्तेपुरती ठेवली. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ धर्मबंधनाच्या आधारावर मुलावर दावा लावणेच बंद केले. वारशात आलेल्या मालमत्तेपुरते देणे राहते, मुलाच्या स्वतःच्या पगारावर ते येत नाही. बापाच्या तेराव्याला खतावणी घेऊन येणाऱ्यासमोर नव्या रोख्यावर सही करणाऱ्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे होते. नवी सही केली की ते देणे त्यांचे स्वतःचे होते.

या कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नादारी म्हणजे पाटी पुसून मोकळे होणे नव्हे. रुपयाला आठ आणे तरी मिळतील इतकी मालमत्ता नसेल तर, तसे होणे आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी झाले हे ऋणकोला कोर्टाला पटवावे लागते. नाहीतर बिनशर्त मुक्तता मिळत नाही. सरकारी देणे, फसवणुकीचे देणे आणि बायकोमुलांच्या पोटगीचा हुकूम मुक्ततेनंतरही उभाच राहतो. अर्जाच्या आधी घर मेहुण्याच्या नावावर करण्याची युक्ती अनेकांना सुचते. दोन वर्षांच्या आतील असा फुकटचा व्यवहार रद्द होऊ शकतो, मालमत्ता लपवणे हा तर गुन्हाच आहे. ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि सारे धनको पुन्हा दारात. मुक्तता न झालेला, म्हणजे अविमुक्त नादार, आमदार-खासदार होऊ शकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना ही अडचण सोसण्यासारखी आहे.

शेतकऱ्यांसाठी मुंबई सरकारने १९३९ आणि १९४७ मध्ये कर्जनिवारणाचे कायदे केले. १९७५-७६ मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही लहान ऋणकोंसाठी केले. ती सरकारने केलेली माफी होती. त्यांची चर्चा गावोगाव झाली. स्वतः अर्ज करून मागायच्या नादारीची कधीच झाली नाही.

आमच्या भागात याला भाषेचीही एक बाजू आहे. जुनी खते मोडीत, १९५६ पूर्वीचे घरातील कागद पुष्कळदा मराठीत, आताचे समन्स कन्नडमध्ये आणि बँकेची नोटीस इंग्रजीत. एकाच कर्जाच्या फाईलमध्ये तीन लिप्या. घरातील वडीलधाऱ्यांना कागद वाचता येत नाही आणि शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटते, म्हणून तो देव्हाऱ्यामागे जातो. तारीख निघून जाते, एकतर्फी निकाल होतो. करड्याच्या कुणब्याचे दुःख निरक्षरतेचे होते. आपण शिकलो, आणि तरी त्याच जागी उभे आहोत. शाळेत कन्नडचा तास नावापुरता मानणाऱ्या पालकांना मी हे कारण नेहमी सांगतो. भाषेचा अभिमान एका जागी, पण कोर्टाचा कागद वाचता आलाच पाहिजे.

अशा घराचे पुढे काय होते ते हजेरीपटावर दिसते. सोमवारी दोन भावंडे गैरहजर, आठवडाभर तशीच. घराला कुलूप. महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून किंवा गोव्याहून कोणा नातेवाईकाबरोबर चिठ्ठी येते, मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. पत्ता मागू नये ही विनंती तोंडी असते. कधी याहून वाईट बातमी येते, तिच्याविषयी लिहिण्याची ही जागा नाही. गंमत अशी की, धनको चुकवण्यासाठी गाव सोडणे किंवा दार लावून घरात दडून बसणे ही १९२० च्या कायद्यात नादारीची कृत्ये म्हणून नोंदलेली आहेत. त्यांवरून धनकोच कोर्टात जाऊन तुम्हाला नादार ठरवून घेऊ शकतो. म्हणजे लाजेपोटी पळालेला माणूस त्याच शब्दापर्यंत पोहोचतो, फक्त संरक्षणाशिवाय.

२०१६ मध्ये केंद्राने नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांचे भाग लवकरच अमलात आले आणि हजारो कोटींची प्रकरणे वर्तमानपत्रांत गाजली. कर्जाचा मोठा भाग सोडून देण्याला तेथे कोणी दिवाळखोरी म्हणत नाही, शब्द सभ्य असतात. साध्या माणसासाठीही त्या संहितेत तिसरा भाग आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाला नव्याने सुरुवात करू देण्याची सोय त्यात लिहिली आहे. १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. बाकीच्यांसाठी, हे लिहीत असताना, तो कागदावरच आहे आणि १९२० चाच कायदा चालू आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि ठराविक मर्यादेखालील उत्पन्न असलेले यांना तेथे मोफत वकील मिळतो. जाताना हिशोबाच्या वह्या, आलेले सगळे कागद, मग ते कोणत्याही भाषेत असोत, आणि देणेकऱ्यांची पूर्ण यादी बरोबर न्यावी. यादीतून एकही नाव गाळू नये, घरच्या माणसाकडून घेतलेले हातउसने पैसेसुद्धा.